आमची बंदर-निवड समिती

बँकेत मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ठेवी मोजल्या. त्यामुळे स्वतःची एक बऱ्यापैकी ठेव मुदत संपून हातात आली, तेव्हा तिचं काय करायचं हे मला सुचेना. सवयीनं मी ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवणार होतो. फॉर्मही आणला होता. तो भरायला बसलो तेव्हा ही समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाच वर्षांनी आपले गुडघे कुठे असतील?"

"जिथे आहेत तिथेच," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. तिथेच असतील. म्हणून आत्ताच बोटीनं जाऊ या."

"कुठे? एलिफंटाला?"

"ते तुमच्या पेन्शनमध्ये बसतं. मी उत्तर युरोपचं बोलतेय. तीस वर्षं उशाशी ती पुस्तकं घेऊन झोपताय, एकदा गावं तरी बघून घ्या."

हा घाव वर्मी होता. माणसाला एखादं अनाठायी वेड असतं. कुणाला नाट्यसंगीताचं असतं, कुणाला जुन्या कुलपांचं. मला बाल्टिक समुद्राचं आहे. का, ते विचारू नका. आमच्या वाचनालयात इतिहासाच्या कपाटातली चांगली पुस्तकं नेहमी कुणीतरी नेलेली असत आणि बाल्टिकच्या व्यापाराचं एक जाडजूड पुस्तक मात्र कायम जागेवर असे. कीव येऊन मी ते घरी आणलं. पुढे मलाच कुणी कीव येऊन त्यातून बाहेर काढलं नाही.

तर त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सहा कंपन्यांची माहितीपत्रकं पसरून आमच्या बंदर-निवड समितीची स्थापना झाली. अध्यक्ष मी. सचिव आणि खजिनदार ही. सभासद संपले. प्रत्येकाला एकेका बंदरापुरता नकाराधिकार.

आमच्या सोसायटीत तीन क्रूझ केलेले एक गृहस्थ आहेत. त्यांचा सल्ला घ्यावा म्हणून गेलो. ते म्हणाले, "बंदरांचं काय घेऊन बसलात? सगळी सारखीच. धक्का, पाणी आणि फ्रिजला लावायची चुंबकं विकणारी दुकानं. तुम्ही बोट बघा. जेवणाची किती हॉटेलं आहेत ते बघा." मी परत आलो तो निश्चय करूनच. बोट म्हणजे शेवटी एक पलंग. पलंग बघून कुणी गाव ठरवतं का? आपण बंदरं बघून बोट ठरवायची.

आता खरं सांगायचं तर ही समिती दुसरी. पहिली २०१९ साली नेमली होती. तेव्हा निवड सोपी होती, कारण बाल्टिकच्या प्रत्येक पत्रकात एक नाव सगळ्यांत मोठ्या टायपात असे : सेंट पीटर्सबर्ग. बाकीच्या बंदरांत बोट आठ तास थांबे, इथे दोन-दोन रात्री. पीटर राजानं १७०३ साली दलदलीत हे शहर उभारायला घेतलं, ते रशियाला युरोपकडे उघडणारी एक खिडकी हवी म्हणून. मी तर तिथल्या संग्रहालयातली दालनंसुद्धा पाठ केली होती. पण धाकटीचं बाळंतपण आलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी, २०२० साली, कोरोनानं जगातल्या सगळ्या बोटी बांधून ठेवल्या. मी म्हटलं, मिटू दे हे, मग जाऊ. मिटतंय न मिटतंय तोच २०२२च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, क्रूझ कंपन्यांनी सेंट पीटर्सबर्गचं नाव खोडलं आणि पीटरच्या खिडकीला दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या. मी पाठ केलेली दालनं माझ्या डोक्यात अजून आहेत. भाडंही देत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत.

नवी पत्रकं पाहताना मला पहिली गंमत दिसली ती ही. पंगतीत मधलं एक मोठं पान रिकामं झालं की मागे ताटकळलेले चार जण सरसावून बसतात ना, तशी रीगा, विस्बी, ग्डिनिया ही मंडळी त्या जागेवर येऊन बसली होती. आणि माझ्या लक्षात आलं, की बंदरांची यादी हाच एक इतिहास असतो. कोण यादीत आलं, कोण गेलं आणि कुणाच्या जागेवर कोण बसलं, एवढंच तर त्या जाडजूड पुस्तकात होतं!

दुसरी गंमत कंसांची. पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं 'बर्लिन', आणि पुढे कंसात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'वार्नेमुंडे'. बर्लिनला समुद्र नाही. बोट वार्नेमुंडेला लागते आणि तिथून बर्लिन दोनशे किलोमीटरांहून जास्त आहे. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर उतरवायचं आणि सांगायचं, आलं हं साताऱ्याचं बंदर! मी हे मोठ्या चवीनं हिला वाचून दाखवलं.

"मग त्या वार्नेमुंडेत काय आहे?" हिनं विचारलं.

"तसं काही नाही. रोस्टॉक शहराचं ते बंदर. रोस्टॉकला १४१९ सालचं विद्यापीठ आहे म्हणा. जुनं व्यापारी शहर."

"सहाशे वर्षांचं विद्यापीठ आहे आणि तसं काही नाही? ज्या गावात उतरायचं त्याला कंसात कोंबायचं आणि जिथे समुद्रच नाही त्याचा मान करायचा, ही कुठली रीत? आपण कंसातली गावंच बघायची."

समितीचा पहिला ठराव हा असा झाला.

सुरुवात कोपनहेगनपासून करावी यावर मात्र दोघांचं एकमत होतं. हिचं, कारण तिथला विमानतळ शहराजवळ आहे. माझं, कारण जकात. उत्तर समुद्रातून बाल्टिकमध्ये शिरायची जी मुख्य वाट आहे, ती हेलसिंगोर गावापाशी इतकी अरुंद होते की पलीकडचा स्वीडन जेमतेम चार किलोमीटरांवर दिसतो. डेन्मार्कच्या राजानं १४२९च्या सुमाराला तिथे जकात बसवली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परक्या जहाजानं थांबायचं, पैसे मोजायचे आणि मग पुढे जायचं. ही वसुली १८५७ सालापर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षांहून जास्त चालली. आपल्या मुंबईतली जकात २०१७ साली गेली तेव्हा नाक्यावरच्या ट्रकवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. इथे त्यासाठी जगातल्या सागरी देशांना एकत्र बसून डेन्मार्कला घसघशीत भरपाई द्यावी लागली.

पण मला त्या जकातीची आवडलेली गोष्ट वेगळीच. मालाची किंमत कप्तानानं स्वतः सांगायची आणि तीवर जकात द्यायची. मग तो कमी नाही का सांगणार? सांगू दे. नियम असा होता, की सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घ्यायचा हक्क राजाला आहे! कमी सांगावी तर माल जातो, जास्त सांगावी तर पैसे जातात. छत्तीस वर्षांत तारण मालाच्या किमती तपासताना मी किती चपला झिजवल्या, आणि हा माणूस किल्ल्यात बसल्या बसल्या ते करत होता.

कोपनहेगनशी आपलं एक जुनं नातंही आहे. हुगळीकाठचं श्रीरामपूर १७५५पासून १८४५पर्यंत डॅनिश लोकांकडे होतं. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना उभं करत नव्हती, तेव्हा विल्यम केरी डॅनिश झेंड्याच्या आश्रयानं तिथे राहिला, छापखाना चालवला आणि १८०५ साली त्यानं मराठी भाषेचं व्याकरण छापलं. त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथशास्त्री. म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पावलांना आसरा मिळाला तो डेन्मार्कच्या अंगणात. "तेव्हा कोपनहेगनला उतरताना," मी हिला म्हणालो, "आपण अगदीच उपऱ्यासारखं उतरायचं कारण नाही."

"ते तिथल्या इमिग्रेशनवाल्याला सांगा," ही म्हणाली.

यानंतर मी नॉर्वेचं पत्रक पुढे सरकवलं. बर्गन! धक्क्यालगत लाकडी घरांची रांग. चौदाव्या शतकात तिथे जर्मन व्यापाऱ्यांनी ठाण मांडलं. लग्न करायची बंदी, लाकडी घरांना आग लागेल म्हणून राहत्या खोलीत विस्तव पेटवायची बंदी, आणि बाहेर बर्फ. नव्यानं आलेल्या पोरांना धुरात टांगण्यापासून पाण्यात बुचकळण्यापर्यंत छळायचे खेळ होते. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो ते तिथे रीतसर उत्सव करून चाले.

"एवढं सोसून ते विकत काय होते?"

"वाळवलेला मासा. उत्तरेकडे काठ्यांच्या मांडवांवर वाऱ्यात कॉड मासा टांगून वाळवतात. तो बर्गनला यायचा आणि तिथून सगळ्या युरोपात जायचा."

ही देवगडची. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सुका बोंबील," ती म्हणाली. "सुक्या बोंबलाचे मांडव बघायला मी एवढे पैसे घालवणार नाही. आणि ज्या गावात चूल पेटवायची बंदी, तिथे मला नेऊ नका." नकाराधिकार वापरला गेला. बर्गन पडलं.

स्टॉकहोमच्या वेळी मी सावध झालो. तिथे राजवाडा आहे, बेटं आहेत. पण मला जायचं होतं ते एका बुडालेल्या जहाजासाठी. स्वीडनच्या गुस्ताव अडॉल्फ राजानं 'वासा' नावाची ६४ तोफांची युद्धनौका बांधवली. वरती वजन फार, बूड अरुंद. निघण्यापूर्वी चाचणी घेतली. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तिसऱ्या फेरीला जहाज असं डुलायला लागलं, की अधिकाऱ्यांनी घाईघाईनं थांबवलं. जहाज नव्हे हो, चाचणी! १० ऑगस्ट १६२८ला लोक काठावर जमलेले असताना 'वासा' निघाली, सुमारे तेराशे मीटर गेली, वाऱ्याचा एक झोत आला, ती कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि ती खाली बसली.

यानंतरचा भाग वाचताना मला स्वीडन हा परका देश वाटतच नाही. चौकशी समिती बसली. कप्तान म्हणाला, माणसं शुद्धीत होती, तोफा बांधलेल्या होत्या. बांधणारे म्हणाले, मापं राजानंच मंजूर केली होती. मुख्य कारागीर वर्षभरापूर्वीच वारला होता. आता राजाला कोण विचारणार? कुणालाही शिक्षा झाली नाही. पुढे ३३३ वर्षांनी, १९६१ साली जहाज वर काढलं, कारण बाल्टिकचं पाणी इतकं अळणी की लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. जहाजात सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काहींचा फूट स्वीडनचा, बारा इंची. काहींचा ॲम्स्टरडॅमचा, अकरा इंची!

मी हसत होतो. ही हसली नाही. "माणसं किती गेली?"

"तीसच्या आसपास."

"त्यांचं काय?"

"त्यांचे काही सांगाडे मिळाले. त्यांच्या चपला, पेटारे, सगळं त्या संग्रहालयात ठेवलंय."

"मग जाऊ या," ती म्हणाली. "चौकशी समितीनं विचारलं नाही, निदान आपण विचारून येऊ."

विस्बीपाशी तर गाडं अडलंच. बाल्टिकच्या मध्यावर गॉटलंड बेट, त्यावर विस्बी, भोवती साडेतीन किलोमीटरांची दगडी तटबंदी. पत्रकात लिहिलं होतं, 'गुलाबांचं आणि भग्न चर्चचं रम्य शहर.' मी पुस्तकातलं सांगितलं. एके काळी हे बाल्टिकच्या व्यापाराचं नाक होतं. व्यापारी तटाच्या आत, शेतकरी बाहेर, दोघांचं जुनं वैर. जुलै १३६१मध्ये डेन्मार्कचा वाल्डेमार राजा बेटावर उतरला. शेतकऱ्यांची फौज हटत हटत तटाशी आली. वेशीचं दार काही उघडलं नाही. तटाखालीच सुमारे १८०० माणसं कापली गेली. विसाव्या शतकात तिथल्या सामुदायिक कबरी उकरल्या, तर त्यांत पोरसवदा मुलं निघाली, म्हातारी निघाली. शहरानं मग काय केलं? दोन दिवसांनी राजासाठी दार उघडलं आणि व्यापार चालू ठेवला.

ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही आत असता, तर उघडलं असतं दार?"

अशा प्रश्नाला नवऱ्यानं ताबडतोब 'हो' म्हणायचं असतं. पण छत्तीस वर्षांची नोकरी आड आली. मी म्हणालो, "मी बहुतेक वरिष्ठांची लेखी परवानगी मागवली असती."

"आणि ती येईपर्यंत?"

ती येईपर्यंत काय होतं, ते विस्बीच्या तटाखाली आहेच. यावर विनोद सुचला नाही. विस्बीवर मी मुकाट्यानं बरोबरची खूण केली.

राहिलं ग्डान्स्क. तेही कंसातलं प्रकरण. बोट लागते ग्डिनियाला. ग्डान्स्क दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्वतंत्र शहर होतं, पोलंडच्या ताब्यात नव्हतं, म्हणून पोलंडनं शेजारच्या कोळीवाड्याचं आपलं बंदर केलं ते ग्डिनिया. मी तलवारी आणि तह सांगायच्या तयारीत होतो. पण हिनं पत्रकावर बोट ठेवलं. "ही क्रेन चालवणारी बाई कोण?"

ती आना वालेन्तिनोविच. ग्डान्स्कच्या जहाज कारखान्यात क्रेन चालवायची. कामगारांच्या बाजूनं बोलायची, म्हणून ७ ऑगस्ट १९८० रोजी तिला कामावरून काढलं. निवृत्तीला उरले होते पाच महिने. १४ तारखेला कारखाना बंद पडला. पहिल्या मागण्यांतली एक, हिला परत घ्या. तिथून पसरला तो संप. लाकडी फळ्यांवर एकवीस मागण्या रंगवून लावल्या. ३१ ऑगस्टला लेख वालेन्सा या वायरमननं सरकारशी करारावर सही केली. पुढे नऊ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ला, ताल्लिनपासून रीगावरून विल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरांहून लांब रस्त्यावर सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून उभी राहिली आणि दोन वर्षांत ते तिन्ही देश स्वतंत्र झाले.

निवृत्तीला पाच महिने उरले असताना मी स्वतः काय करत होतो, ते आठवलं. साहेबांना सकाळी दोनदा 'गुड मॉर्निंग' म्हणत होतो. एकदा चुकून ऐकू गेलं नसलं तर! ग्डिनिया आणि ताल्लिन एकमतानं मंजूर.

इतकं झाल्यावर मी कराराचा बारीक टाईप वाचायला घेतला. बँकवाल्याची खोड. त्यात एक कलम निघालं. हवामान, सुरक्षितता किंवा अन्य कारणानं कंपनी कोणतंही बंदर वगळू शकते, आणि प्रवाशानं कुरकुर करायची नाही. मी उसळलो. एवढं मोजून मापून बंदरं निवडायची आणि यांनी वारा आला म्हणून विस्बी गाळायचं?

"त्यात काय एवढं?" ही शांतपणे म्हणाली. "देवगडला हेच व्हायचं."

मग तिनं सांगितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हे मी ऐकलं नव्हतं. तिचे वडील गिरगावात नोकरीला. सुट्टीला कोकणच्या बोटीनं यायचे. बोट बाहेर समुद्रात थांबायची, पडाव जाऊन माणसं उतरवून आणायचा. ही सात वर्षांची, आईबरोबर बंदरावर कंदील घेऊन उभी. एका रात्री समुद्र खवळलेला. बोटीचे दिवे दिसले, भोंगा झाला, पडाव काही जाऊ शकला नाही. बोट थोडी थांबली आणि दिवे तसेच मालवणच्या दिशेनं निघून गेले. "मी रडून गोंधळ घातला. मला वाटलं, बाबांना आमचं बंदर नको झालं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा मालवणहून आले. पुढे ती बोटही बंद झाली. देवगडचं बंदर आहे तिथेच आहे, फक्त कुणाच्या यादीत नाही.

"बोटीत बसलेल्याला वाटतं, एक बंदर चुकलं," ती म्हणाली. "काठावरच्याला काय वाटतं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?"

नव्हतं. तीस वर्षं मी ते पुस्तक बोटीत बसून वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी एजंटकडे गेलो. कोपनहेगन, वार्नेमुंडे, ग्डिनिया, विस्बी, ताल्लिन, स्टॉकहोम. पोरगा म्हणाला, "सर, पुढच्या वर्षीचं बुकिंग घेतलंत तर दहा टक्के सवलत आहे." छत्तीस वर्षांच्या सवयीनं माझा हात कॅल्क्युलेटरकडे गेला. तेवढ्यात सेंट पीटर्सबर्गची सगळी दालनं एका रांगेत डोळ्यांपुढून गेली.

"याच वर्षी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

समितीचा अहवाल असा एकमतानं मंजूर झाला. खजिनदारांनी चेकवर सही केली. घरी आल्यावर सचिवांना आठवलं, की बोट बंदराला लागो न लागो, आपल्याला बोट हमखास लागते. म्हणून अध्यक्षांनी आवळासुपारीची बरणी काढली आणि सगळ्यांत आधी ती बॅगेत भरली.